विहिरीतले कासव ओळखावे कसे?

(शेततळे व्यवस्थापन प्रशिक्षण वर्गात कृषिविद्या विभागाच्या व्याख्यात्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'शेततळ्यातील जलचर' असा विषय छापला आहे. मी कृषिविद्येचा माणूस आहे. पेरणीचे अंतर, खताच्या मात्रा, तणांचा बंदोबस्त हे माझे रोजचे काम. त्यामुळे आज मी कासवावर बोलणार म्हटल्यावर आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत शेतकऱ्यांकडून मला जे प्रश्न आले, त्यांत एक प्रश्न असा होता की त्याने मला प्राणिशास्त्राचे पुस्तक उघडायला लावले. तेथूनच सुरुवात करतो.

मे महिन्याचे दिवस होते. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीतला गाळ काढण्याचे काम चालू होते. पाणी तळाला गेलेले. क्रेनच्या बादलीत गाळाबरोबर एक कासव वर आले. ही बातमी गावात फिरली आणि दुसऱ्याच दिवशी मोटारसायकलवर दोन अनोळखी माणसे आली. "कासव वीस नखी असेल तर सांगा, सांगाल ती किंमत देतो," असे म्हणाली. घरात बोअरचे कर्ज होते. थोरला मुलगा म्हणाला, देऊन टाकू. वडिलांनी मात्र मला फोन केला, "सर, तुम्ही या आणि एकदा नखं मोजून द्या. म्हणजे भानगड मिटली."

मी गेलो. घमेल्यात थोडे पाणी घालून कासव ठेवले होते. वरून पाहिले. पाठ गुळगुळीत, कातडीने मढवलेली, खवले नाहीत. मी वाचले होते की आपल्याकडे 'लेथचे मऊ कवचाचे कासव' म्हणून एक दुर्मीळ जात आहे. मी लगेच ठोकून दिले, "आबा, हे लेथचे कासव, फार दुर्मीळ." संध्याकाळी प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राला फोन केला. त्याने एकच प्रश्न विचारला, "पोट पाहिलंस का?" मी पोट पाहिलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, कासव उलटे केले आणि माझे निदान साफ चुकले होते हे कळले. पिकावरचा रोग पानाची खालची बाजू न पाहता ओळखू नये, असे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगतो. तीच चूक मी स्वतः केली होती.

नखांचे काय झाले, ते पुढे सांगतो.

कुळ, प्रजाती, जाती

वर्गीकरण म्हटले की कंटाळा येतो, हे मला ठाऊक आहे. परंतु आपण शेतकरी मंडळी हे काम रोज करतो. ज्वारी आणि जॉन्सन गवत दोन्ही एकाच प्रजातीतली, म्हणजे सोरघमची, पण जाती वेगवेगळ्या. एक आपण पेरतो, दुसरे खणून काढतो. कासवांचेही असेच आहे.

कासवे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वर्गात येतात. त्यांच्या गणाला टेस्टुडिनिस म्हणतात. कवच म्हणजे काही अंगावर घेतलेली ढाल नव्हे. बरगड्या आणि पाठीचा कणा हेच पसरून, जोडून कवच झालेले असते. म्हणून कासवाला कवचातून बाहेर काढता येत नाही, आणि कवचाला तडा गेला तर तो हाड मोडण्यासारखाच प्रकार असतो. मान आत घेताना जी कासवे ती उभी, इंग्रजी 'एस' अक्षरासारखी दुमडतात, त्यांचा एक उपगण आहे. आपल्याकडची सगळी कासवे त्यातलीच.

त्यात ट्रायोनिकिडी नावाचे एक कुळ आहे. ट्रायोनिक्स म्हणजे तीन नखांचे. या कुळातल्या कासवांच्या प्रत्येक पायाला बोटे पाच असतात, पण नखे तीनच बोटांना असतात. कवचावर शिंगासारखे कठीण खवले नसतात, त्याऐवजी कातडी असते. नाक पुढे नळीसारखे निघालेले असते, म्हणजे सगळे अंग पाण्यात ठेवून नुसते नाकाचे टोक वर काढून श्वास घेता येतो. आबांच्या विहिरीतले कासव याच कुळातले. एवढ्यापुरते मी बरोबर होतो.

त्याची प्रजाती लिसेमिस आणि जाती पंक्टाटा. मराठीत आपण त्याला झडपांचे कासव म्हणू. त्याचे कारण पोटाकडे आहे.

पोटाकडची झडप

हे कासव उलटे धरून पाहिले तर पोटाच्या कवचाच्या मागच्या भागात, डावीकडे आणि उजवीकडे, कातडीच्या दोन पाळ्या दिसतात. कासवाने मागचे पाय आत ओढले की या पाळ्या त्यांच्यावर झाकणासारख्या बसतात. शेपटीसाठीही मध्ये आडोसा होतो. पुढचा भाग बिजागरीसारखा वर वळतो आणि डोके व पुढचे पाय झाकले जातात. सगळे बंद झाल्यावर हातात राहतो तो एक गोलसर, तुकतुकीत गोळा. भारतातल्या मऊ कवचाच्या दुसऱ्या कोणत्याही कासवाला अशा झडपा नाहीत. त्यामुळे ओळखीची ही पहिली आणि पक्की खूण समजावी.

दुसरी खूण आकाराची. झडपांचे कासव पूर्ण वाढले तरी पाठीची लांबी साधारण एक फूट, फार तर त्याहून थोडी जास्त. मादी नरापेक्षा मोठी. नराची शेपटी जाड आणि लांब. पाठ बऱ्यापैकी फुगीर असते, उपड्या वाटीसारखी.

लेथचे कासव याहून मोठे, दोन फुटांच्या आसपास जाते. पाठ चपटी, कडा रुंद आणि लवचिक. उलटे केल्यावर मागचे पाय उघडे दिसतात, झडप नाही. डोके हिरवट असून डोळ्यांच्या मधून मानेपर्यंत एक काळी रेघ जाते आणि तिच्यातून बाजूला तिरक्या रेघा फुटतात. पिल्लाच्या पाठीवर डोळ्यांसारखी गोल नक्षी, बहुधा चार, असते. हे नदीचे कासव आहे. गोदावरी, भीमा, कृष्णा यांच्या खोल डोहांत आणि धरणांच्या जलाशयांत ते राहते. विहिरीत सापडण्याचा संभव फारच कमी. हे मला त्या दिवशी सुचायला हवे होते.

नावे का बदलतात?

आपल्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, घाटेअळीला आम्ही पूर्वी हेलिओथिस म्हणत होतो. आता हेलिकोव्हर्पा म्हणतो. अळी तीच, हरभऱ्याचे नुकसानही तेच. शास्त्रज्ञांना नातेसंबंध नीट कळले की नाव बदलते. कासवांचीही नावे अशीच बदलली.

झडपांच्या कासवाला पंक्टाटा हे नाव १७८८-८९ च्या सुमारास फ्रान्समध्ये मिळाले. त्या वेळी सगळी कासवे टेस्टुडो या एकाच पोत्यात भरलेली असत. नंतर त्याला एमिडा म्हणू लागले. १९३१ मध्ये माल्कम स्मिथ यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्राण्यांवरच्या ग्रंथमालेत लिसेमिस ही प्रजाती मांडली. ते नाव आजवर टिकले आहे.

याच्या पोटजातींची गोष्ट आपल्या भागाशी जोडलेली आहे, म्हणून थोडे थांबतो. १८५४ मध्ये पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने गोव्याहून मिळालेल्या कासवावरून एमिडा विटाटा असे नाव दिले. पुढे हे कासव दक्षिणेकडच्या कासवांपेक्षा वेगळे नाही असे ठरले आणि ते नाव जवळजवळ मोडीत निघाले. १९८० मध्ये वेब यांनी उत्तरेकडच्या, सिंधू-गंगा खोऱ्यातल्या कासवांना अँडरसनाय अशी वेगळी पोटजात दिली. त्यांच्या डोक्यावर आणि पाठीवर पिवळे ठिपके असतात. आपल्याकडच्या कासवांवर ते नसतात. मग २०११ मध्ये डीएनए तपासणीवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि पश्चिम व मध्य भारतातली कासवे खरोखर वेगळ्या गटातली आहेत असे दिसले. दीडशे वर्षांपूर्वीचे गोव्याचे नाव पुन्हा वर आले. त्यामुळे आपल्या शिवारात सापडणाऱ्या झडपांच्या कासवाचे पूर्ण नाव आज लिसेमिस पंक्टाटा विटाटा असे लिहितात. श्रीलंकेतल्या कासवाला त्याच अभ्यासात वेगळी जाती मानले आहे.

शेतकऱ्याला याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग असा की, पिवळ्या ठिपक्यांचे कासव आपल्याकडच्या एखाद्या तळ्यात निघाले तर ते बहुधा उत्तरेकडून कोणीतरी आणलेले असते. बाहेरून आलेले बियाणे आपण जसे तपासून घेतो, तसेच हेही कळवलेले बरे.

लेथच्या कासवाचे नाव तर आणखी जवळचे. ग्रे यांनी १८७२ मध्ये ते पुण्याच्या नमुन्यावरून दिले. लेथ हे मुंबई इलाख्यातले डॉक्टर. ते कासव आधी ट्रायोनिक्स, मग अस्पिडेरेटिस आणि आता निल्सोनिया या प्रजातीत धरले जाते. जुनी पुस्तके चाळताना ही तिन्ही नावे आढळली तर गोंधळू नये. हे कासव भारतीय द्वीपकल्पाबाहेर कोठेही नाही. २०२१ च्या जागतिक मूल्यांकनात त्याला अत्यंत संकटग्रस्त ठरवले आहे आणि २०२२ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदी आली.

आता नखे मोजू

'वीस नखी' कासव घरात असले की पैशाचा पाऊस पडतो, गुप्तधन सापडते, अशी भोंदू मंडळी समजूत पसरवतात. मांडुळाच्या बाबतीत जे चालते तेच हे. समजुतीवर व्याख्यान देत नाही, नुसता हिशेब करू.

झडपांचे कासव: प्रत्येक पायाला तीन नखे, चार पाय, एकूण बारा. लेथचे कासव त्याच कुळातले, तेव्हा तेही बारा.

आपल्या ओढ्यांत आणि तळ्यांत कठीण कवचाचे एक काळपट कासव मिळते. त्याचे नाव मेलॅनोकेलिस ट्रायजुगा. पाठीवर तीन उभे कणे असतात, त्यावरूनच ट्रायजुगा. याच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार नखे. एकूण अठरा.

पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले जमिनीवरचे तारा कासव, तेही पुढे पाच, मागे चार. अठरा.

शहरात काचेच्या पेटीतून विकले जाणारे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले कासव अमेरिकेतले आहे. तेही अठरा.

म्हणजे आपल्याकडे जी कासवे हाती लागण्याचा संभव आहे, त्यांत बारा आणि अठरा या दोनच बेरजा येतात. वीस नखांची अशी कोणतीही वेगळी जात नाही. आबांच्या कासवाची नखे मी आणि त्यांच्या थोरल्या मुलाने मिळून मोजली. बारा भरली. मुलगा म्हणाला, "सर, मग ते लोक कशासाठी आले होते?" मी म्हटले, "बारा नखीसुद्धा ते नेतात. मांसाचा धंदा आहे, आणि भोळा माणूस सापडला तर त्याला वीस नखी म्हणून विकायचाही आहे."

येथे कायदा स्पष्ट सांगितला पाहिजे. झडपांचे कासव वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्याची शिकार, खरेदी-विक्री यांसाठी किमान तीन वर्षे, कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. विकणारा आणि घेणारा दोघेही त्यात येतात. कासव आमच्याच विहिरीत होते, ही सबब चालत नाही. आबांच्या मुलाला हे ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर त्या दिवसापर्यंत नेमकी शिक्षा मलाही ठाऊक नव्हती.

गाळ, जेसीबी आणि शेततळे

आता आपल्या कामाच्या गोष्टीकडे येतो.

तळे आटू लागले की झडपांचे कासव चिखलात स्वतःला गाडून घेते आणि पावसाची वाट पाहत पडून राहते. त्या काळात हालचाल जवळजवळ थांबते. ही सवय त्याला दुष्काळी भागात तारते. परंतु आपण गाळ काढतो तो नेमक्या याच दिवसांत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेतून पुष्कळ तलावांचा गाळ शेतात गेला. जमिनीला त्याचा फायदा आहे, मी स्वतः गाळ टाकण्याची शिफारस करतो. मात्र जेसीबीच्या दातांखाली कासव आले तर ते चिरडते, आणि ट्रॉलीतून शेतात येऊन पडले तर उन्हात सुकते. म्हणून जेसीबीवाल्याला आधी सांगून ठेवावे, आणि पहिल्या थरांच्या वेळी एखाद्या माणसाने बाजूला उभे राहून नजर ठेवावी. चिखलात पालथ्या थाळीसारखा गोलसर उंचवटा हलला तर यंत्र थांबवावे. निघालेले कासव त्याच तलावाच्या न खोदलेल्या, ओलसर भागात किंवा जवळच्या पाण्यात सोडावे.

धरताना दोन्ही हातांनी, कवचाच्या मागच्या बाजूने, मागच्या पायांच्या जवळ धरावे. मान दिसते त्यापेक्षा बरीच लांब असते आणि चावा चांगला बसतो. शेपटीला धरून उचलू नये.

प्लॅस्टिक अस्तराचे शेततळे ही दुसरी अडचण. ५०० मायक्रॉनचा कागद ओला झाला की त्यावर माणूस चढू शकत नाही, कासव कोठून चढणार? पावसाळ्यात फिरताना ते आत पडते आणि मग अडकते. एका कोपऱ्यात काठापासून पाण्याच्या तळापर्यंत जाड दोरीची जाळी किंवा गोणपाट सोडून ठेवावे. खर्च फारसा नाही. चुकून पडलेल्या माणसालाही त्याचा आधार होतो, आणि मला विचाराल तर तेवढ्यासाठी तरी ती जाळी प्रत्येक शेततळ्यावर असावी.

माशांबद्दल विचारणा होते. हे कासव मासे खाते का? खाते. बेडूक, गोगलगाई, कोळंबी, किडे, मेलेले जनावर, पाणवनस्पती असे सगळेच खाते. मत्स्यबीज सोडलेल्या तळ्यात थोडे बीज जाणारच, ते मी नाकारत नाही. बीज संगोपनाचे छोटे तळे असेल तर भोवती दीड-दोन फूट उंच जाळी लावावी. भातखाचरात मात्र त्याच्यामुळे नुकसान झाल्याची तक्रार माझ्याकडे अद्याप एकही आलेली नाही.

पुष्कळ जण 'पाणी स्वच्छ राहते' म्हणून मुद्दाम कासव आणून विहिरीत सोडतात. ते मेलेले बेडूक-मासे खाते, एवढे खरे. पण बांधीव विहिरीच्या उभ्या भिंतीवरून ते बाहेर येऊ शकत नाही, आणि मादीला अंडी घालायला माती लागते. विहिरीत सोडलेली मादी वर्षानुवर्षे जगेल, पण तिचा वंश तेथेच संपला. शिवाय कासव धरून आणणे आणि बाळगणे हा गुन्हा आहेच. तारा कासव दिसले तर दया म्हणूनही पाण्यात टाकू नये. त्याचे पाय हत्तीच्या पायांसारखे खांबी असतात, बोटांत पडदा नसतो, ते बुडून मरते. आपल्याकडे ते बहुधा कोणाच्या तरी घरून सुटलेले असते. आणि लाल पट्ट्याचे अमेरिकन कासव मुले मोठी झाली, कंटाळा आला म्हणून ओढ्यात सोडू नका. ते खादाड आणि चिवट आहे, देशी कासवांच्या वाट्याचे अन्न आणि ऊन शेकायच्या जागा बळकावते.

जखमी कासव, विचारपूस करणारे व्यापारी किंवा तारा कासव, यांपैकी काहीही आढळले तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवावा. आबांनी तोच फिरवला. वनरक्षक आले, पंचनामा केला आणि कासव गावच्या पाझर तलावात सोडले. ती मोटारसायकल नंतर गावात दिसली नाही, असे आबा सांगतात.

जाता जाता अंड्यांबद्दल. मघाशी मागच्या रांगेतून एका ताईंनी विचारले होते की बांध खणताना पांढरी गोल अंडी निघाली, ती सापाची समजून फोडावीत का. सापाची अंडी लांबट आणि कातडीसारखी मऊ असतात. झडपांच्या कासवाची गोल, टणक कवचाची, कोंबडीच्या अंड्यापेक्षा बरीच लहान. मादी मऊ मातीत खड्डा करून ती घालते आणि पिल्लू बाहेर यायला सुमारे नऊ महिने लागतात. तेव्हा अंडी थंड लागली, आत हालचाल नाही, म्हणून वाया गेली असे समजू नये. ती फिरवू किंवा उलटी करू नये. जी बाजू वर होती ती वरच ठेवून पुन्हा तीच माती लोटावी, जागेवर काठी रोवावी आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तेवढा हातभर बांध खणायचा राहू द्यावा.